त्याची इच्छा आटते तेव्हा : नवरा-बायकोनं आपापल्या भावनांचं काय करायचं

१ जूनला मासेमारीबंदी लागते. बोटी वर ओढल्या जातात, जाळी घरी येतात, खलाशी आपापल्या गावाला जातात, आणि एरवी रात्र-रात्र समुद्रावर असणारा माणूस ३१ जुलैपर्यंत घरात असतो. मालवणकडची एक बाई मला म्हणाली होती, "मी पावसाची वाट बघी होतंय. म्हटलंय, आता तरी घोव घरात आसतलो." घोव घरात होता. दोन महिने भिंतीकडे तोंड करून झोपत होता.

तिनं आधी थकवा म्हणून सोडून दिलं. मग मनात आलं की बंदरावर कोणीतरी असणार. मग ती बोलायचीच बंद झाली. जेवण वाढायची आणि पडवीत जाऊन बसायची. त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं: आपल्यातला पुरुष संपला, हिला ते कळलंय, म्हणून ही बोलत नाही. दोघं माझ्यासमोर आली तेव्हा त्याची इच्छा कमी होऊन दीड वर्ष झालं होतं. घर मात्र आटलेल्या इच्छेनं बिघडलं नव्हतं, ते बिघडलं होतं त्या दोन महिन्यांच्या अबोल्यानं.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधाचा भाग इथे थोडक्यात येईल आणि मनाचा सविस्तर. या लेखातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून दोन-तीन घरांतून जुळवलेली आहेत. या विषयावर मराठीत उघड लिहिणं तसं नवीन नाही. दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून हेच करत होते आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. शंभर वर्षं होत आली, तरी त्याच दापोलीतून मला फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य असतं, "मॅडम, एका मित्राचं विचारायचं होतं."

आधी एक गल्लत सोडवू

"जमत नाही" या दोन शब्दांत आपल्याकडे तीन वेगळ्या तक्रारी कोंबल्या जातात. मनच होत नाही, ही एक. मन होतं पण ताठरता येत नाही किंवा टिकत नाही, ही दुसरी. सगळं होतं पण फार लवकर आटपतं, ही तिसरी. तिन्हींचे उपाय वेगळे. हा लेख पहिलीबद्दल आहे, पण दुसरी पुष्कळदा पहिलीला जन्म देते: दोन-चार वेळा फजिती झाली की माणूस त्या वाटेलाच जात नाही, आणि काही महिन्यांनी त्याला खरंच वाटू लागतं की आपल्याला इच्छाच नाही.

नवऱ्याला कमी आणि बायकोला जास्त हवंसं वाटणं हा आजार नाही. डॉक्टर ज्याला विकार म्हणतात त्यात इच्छा आणि लैंगिक विचार सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ सतत कमी असावे लागतात, आणि त्या माणसाला त्याचा त्रास होत असावा लागतो. आंब्याच्या हंगामात तीन महिने मन लागलं नाही, एवढ्यावर कुणी स्वतःवर शिक्का मारून घेऊ नये.

"पुरुष म्हटला की तो सदा तयार" ही समजूत बाजूला ठेवल्याशिवाय पुढची एकही पायरी चढता येत नाही. ती समजूत नवऱ्याच्या जितकी डोक्यात असते तितकीच बायकोच्याही. म्हणूनच त्याच्या नकाराचा तिला एकच अर्थ दिसतो: सगळ्या पुरुषांना हवंच असतं, याला नको आहे, म्हणजे मीच नकोशी झाले.

पहिली पायरी : शरीर तपासून घ्या

हे आधी करा, नाहीतर मधुमेहाला तुम्ही महिनोन्‌महिने 'मनाचं' म्हणत बसाल. एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर पुरेसे आहेत, लगेच मोठ्या शहरात धावायला नको. रक्तात साखर आणि तिची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, आणि प्रोलॅक्टिन व टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं पाहतात. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी, शक्यतो ७ ते १० च्या दरम्यान द्यायचं, कारण दिवस चढतो तशी त्याची पातळी उतरते. एकदा कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दोनदा आलं, तर डॉक्टर पुढचा विचार करतात. रात्रभर बोटीवर असणाऱ्यानं जागरणाच्या दुसऱ्या सकाळी रक्त देऊ नये, नीट झोप झाल्यावर द्यावं.

चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. नैराश्यावरची काही औषधं, मानसिक आजारावरची काही, केस गळू नयेत म्हणून घेतली जाणारी फिनास्टेराइड, अफूवर्गातली वेदनाशामकं, यांनी इच्छा कमी होऊ शकते. पण गोळी मनानं बंद करू नका. डॉक्टरांना विचारलं तर बदलून मिळते. किती पिता ते खरं सांगा. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, वाढलेलं पोट, हेही सांगा. ताठरतेचीच अडचण असेल तर ती लपवू नका, कारण हृदयाच्या आजाराची ती कधी कधी पहिली खूण असते.

मूल हवं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉननं वृषणातली शुक्राणूंची निर्मिती दबते. जिममधल्या मित्रानं सुचवलं म्हणून इंजेक्शन घेणारी तरुण मुलं आता तालुक्याच्या गावीही दिसतात, आणि वर्षभरानं तीच मुलं 'पाळणा का हलत नाही' म्हणून येतात.

एसटी स्टँडच्या भिंतींवरचे 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' वाले कागद तुम्ही पाहिलेच असतील. धातू गेली म्हणजे ताकद गेली, या भीतीवर ती दुकानं चालतात. भारतीय मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या भीतीलाच 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. वीर्य जाण्यानं शरीर खंगत नाही. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. ते औषध रक्तप्रवाह वाढवतं, इच्छा नाही, आणि छातीत दुखण्यावरच्या नायट्रेट गोळ्या घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकतं.

दुसरी पायरी : पंधरा दिवस वही

दोघांनी दोन वेगळ्या वह्या करा आणि एकमेकांना दाखवू नका. जवळ येण्याचा, टाळण्याचा किंवा टोमण्याचा प्रसंग घडला की दुसऱ्या दिवशी चार ओळी लिहा. काय घडलं. त्याचा मी काय अर्थ लावला. मला काय वाटलं. मग मी काय केलं.

मालवणच्या त्या बाईची एक नोंद अशी होती. घडलं: मी हात ठेवला, त्यांनी कूस बदलली. अर्थ: मी नकोशी झाले. वाटलं: राग. केलं: सकाळी चहा आपटला. नवऱ्याच्या वहीत तीच रात्र होती. घडलं: तिनं हात ठेवला. अर्थ: आता परीक्षा. वाटलं: काही नाही. केलं: झोपल्याचं सोंग.

बायका 'राग' लिहितात आणि पुरुष 'काही नाही', हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी त्या दोन शब्दांनाच बंदी करते. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. हिरमुसले. ओशाळलो. कानकोंडा झालो. घुसमट झाली. पोरकं वाटलं. धसका बसला. अपमान गिळला. कीव आली. स्वतःचीच किळस आली. हेवा वाटला, शेजारणीला दिवस गेले तेव्हा. यांतला नेमका शब्द सापडेपर्यंत थांबा. त्या बाईचा 'राग' खरवडला तेव्हा खाली 'पोरकं' निघालं. नवऱ्याच्या 'काही नाही'खाली होता 'धसका'. पोरक्या माणसाशी वागायचं एक असतं आणि रागावलेल्या माणसाशी दुसरंच, त्यामुळे शब्द चुकला की पुढचं सगळंच चुकतं.

यामागे मेंदूचंही कारण आहे. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दाखवलं की भावनेला शब्दानं नाव दिलं की धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डलाची हालचाल कमी होते. म्हणजे लिहिताना तुम्ही निव्वळ हिशेब ठेवत नसता, थोडे शांतही होत असता.

तिसरी पायरी : गिळणं सोडा, अर्थ तपासा

इथे जरा थांबू, कारण 'भावना आवर' या दोन शब्दांनी आपल्याकडे फार नुकसान केलंय. आवरणं म्हणजे चेहरा कोरा ठेवणं, असं मुलाला लहानपणापासून शिकवलं जातं. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. एक, भावना उसळल्यावर ती चेहऱ्यावर येऊ न देणं. दुसरी, भावना उसळण्याआधीच प्रसंगाकडे वेगळ्या अर्थानं पाहणं. पहिलीत चेहरा शांत राहतो, पण आतली भावना तशीच राहते आणि शरीराचा ताण उलट वाढतो. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांचा २००३ चा प्रयोग तर मी प्रत्येक जोडप्याला सांगते: बोलताना एकीनं भावना दाबून धरल्या तर समोर बसलेल्या, ज्यांना काहीच माहीत नाही अशा व्यक्तीचाही रक्तदाब चढला. त्या एकमेकींना अनोळखी होत्या. मग रोज एका ताटाशेजारी जेवणाऱ्या दोघांचं काय होत असेल?

शिवाय गिळताना निवड करता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि रायगड-दापोलीच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. लोक भेटायला येत होते, पंचनामे होत होते, घरचा कर्ता पुरुष सगळ्यांना चहा देत होता. त्यातला एक मला म्हणाला, "रडायला वेळच नव्हता." नंतरही त्यानं वेळ काढला नाही. दु:ख येऊ नये म्हणून त्यानं आतलं दार लावून घेतलं, आणि त्याच दारातून येणारी भूक, हसू, बायकोबद्दलची ओढही बाहेरच राहिली. त्याची बायको तपासण्या करायच्या म्हणत होती. तपासण्या केल्या, त्या ठीक आल्या. त्याला उपचार लागले ते नैराश्यावर.

अर्थ तपासायचा म्हणजे काय, ते वहीतूनच कळतं. 'अर्थ' या ओळीसमोर आणखी दोन अर्थ लिहायचे, जे खरे असू शकतात. सुंदर नव्हेत, खरे. "त्यांनी कूस बदलली कारण मी नकोशी झाले" यासमोर तिनं लिहिलं: "पुन्हा फजिती होईल म्हणून घाबरले असतील" आणि "बोटीच्या कर्जाचा हप्ता सोमवारी आहे." नवऱ्यानं "आता परीक्षा" समोर बरंच चाचपडून लिहिलं: "तिला नुसतं जवळ यायचं असेल." तीन अर्थ समोर असले की पहिल्याची पकड सुटते, आणि विचारायला एक प्रश्न हातात राहतो. तेवढं पुरतं.

हे वापरायचं नाही अशाही जागा आहेत. नवरा मारत असेल, बाहेर संबंध असल्याचं नक्की कळलं असेल, तर "चांगला अर्थ काढ" हा सल्ला देणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही.

चौथी पायरी : बोलणं, आणि ते कुठे

अंथरुणात बोलू नका. नकारानंतरच्या पाच मिनिटांत तर मुळीच नाही. कौलारू घरात भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, माजघरातली कुजबुज ओटीवर ऐकू येते, हे ज्यांनी अशा घरात संसार केलाय त्यांना सांगायला नको. बाहेर पडा. बाजारातून परत येताना, किनाऱ्यावर, बागेत शिपणं करताना. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, आणि पुरुषांना ते सोपं जातं. वीस मिनिटं ठरवा, त्याहून जास्त नको.

सुरुवात कशी करायची, हा प्रश्न हमखास येतो. मी त्यांना गाऱ्हाण्याची आठवण देते. देवळात गाऱ्हाणं घालणारा मानकरी आधी देवाला हाक मारतो, त्याचा मान राखतो, लेकरांच्या हातून काही चुकलं-माकलं असेल ते पदरात घे म्हणतो, आणि मग मागणं मागतो. मागणंही स्पष्ट असतं, घोळ नसतो. नवरा-बायकोच्या बोलण्याला हाच क्रम चालतो: आधी माणसाचा मान, मग स्वतःचा वाटा, मग एकच मागणं.

ती म्हणू शकते: "तुमी माका हवे आसात. मी टोमणे मारलंय, ता माझा चुकला. माका एवढाच सांगा, माझ्यावर राग आसा काय?" तो म्हणू शकतो: "माझो तुझ्यावर राग नाय गो. माझा मनच लागणा नाय, आणि माका तेची लाज वाटता." ही शेवटची कबुली पुरुषाच्या तोंडून निघायला कधी दोन बैठका लागतात. निघाली की बायकोनं लगेच उपाय सुचवू नयेत. "बरा झाला सांगितलास" एवढं पुरे.

बोलता बोलता आवाज चढला, कानशिलं तापली, छातीत धडधडू लागलं, तर थांबा. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांवर वर्षानुवर्षं केलेल्या कामातून आलेली एक खूण उपयोगी आहे: नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की माणूस ऐकण्याच्या स्थितीत राहत नाही, आणि शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. उठून जाताना मात्र परत कधी येणार ते सांगून जा. "विहिरीवर जाऊन येतो, अर्ध्या तासानं बोलू" हे सांगून गेलेला माणूस आणि तडक निघून गेलेला माणूस यांत मागं राहिलेल्या बायकोच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

चाकरमान्यांची गोष्ट निराळी. नवरा मुंबईत चाळीत चौघांबरोबर, बायको गावात सासू-सासऱ्यांपाशी, आणि भेट गणपतीत पाच दिवस, शिमग्याला दोन, मे महिन्यात जमलं तर आठ. अशा भेटीवर केवढं ओझं असतं! घरात पंचवीस माणसं, रात्री बारापर्यंत भजन, आणि त्यातून दोघांनी एकमेकांची सहा महिन्यांची भूक भागवायची. त्याला वाटतं, या वेळीही नाही जमलं तर? ती आधीच दिवस मोजत असते. इथे बोलणं गाडीत बसण्याआधी, फोनवर व्हायला हवं: "या खेपेला पहिली रात्र नुसतं झोपू या, गप्पा मारू." एवढं ठरलं की तो पनवेलपासून पोटात गोळा घेऊन येत नाही. जमलं तर गणपती विसर्जनानंतर दोन दिवसांची रजा वाढवून घ्यावी. पाहुणे गेलेले असतात, घर रिकामं असतं.

पाचवी पायरी : ठरवून बंदी

ऐकायला उलटं वाटेल. तीन आठवडे संभोग करायचा नाही, असं दोघांनी मिळून ठरवायचं. अगदी मन झालं तरी नाही. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० मध्ये जगापुढे मांडलेल्या स्पर्शाच्या सरावाचा हा पाया आहे आणि आजही तो वापरला जातो. त्यांच्या लक्षात आलं की अडचणीत सापडलेला माणूस त्या वेळी जोडीदारासोबत नसतोच. तो बाजूला उभा राहून स्वतःकडे प्रेक्षकासारखा पाहत असतो, होतंय की नाही, टिकतंय की नाही. बंदी घातली की पाहण्यासारखं काही उरत नाही.

पहिला आठवडा. दोन दिवस निवडा. एकानं दहा मिनिटं स्पर्श करायचा, दुसऱ्यानं नुसतं घ्यायचं, मग अदलाबदल. डोकं, पाठ, हात, तळपाय. छाती आणि जननेंद्रियं वगळून. कपडे जेवढे सोयीचे तेवढे. खोबरेलानं डोक्याला मालिश यापासून सुरू केलेलं पुष्कळांना सोपं जातं, त्यात काही 'वेगळं' करतोय असं वाटत नाही. लक्ष कातडीवर ठेवायचं: गरम, गार, खरखरीत, हलकं. बोलायचं तेवढंच, "जरा जोरात", "इथं नको". "काही वाटतंय का?" हा प्रश्न विचारायचा नाही. तो प्रश्न आला की बंदी मोडलीच.

दुसऱ्या आठवड्यात सगळं शरीर, पण उत्तेजना आणणं हे ध्येय नाही. आली तर येऊ द्या, गेली तर जाऊ द्या. ती जाते आणि परत येते हे दोघांनी शांतपणे पाहणं, यातच अर्धा धसका उतरतो. तिसऱ्या आठवड्यात दोघांना जे आवडलं ते अधिक. पुढचं मग घाई न करता. निरोध वापरत असाल तर एक तांत्रिक सूचना: खोबरेल किंवा कुठल्याही तेलानं लॅटेक्सचा निरोध कमकुवत होतो, तेव्हा तेल पाठीपुरतंच ठेवा.

एकांताचं काय, हा कोकणातल्या घरांत खरा प्रश्न. दाराला आतून कडी बसवून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे आणि त्याची लाज बाळगू नका. मुलं एका रात्रीसाठी आजीकडे. आणि पावसाळा तुमच्या बाजूनं आहे: पत्र्यावर पाऊस कोसळत असताना कुणाला काही ऐकू येत नाही.

या सरावात भावना उलट्याही येतील. तिला वाटेल, माझ्याच नवऱ्यानं मला हात लावावा म्हणून वेळापत्रक? हे वाटणं रास्त आहे, ते वहीत लिहा आणि पुढच्या फेरफटक्यात सांगा. त्याला कंटाळा येईल, किंवा अचानक रडू. एकदा एका बागायतदाराला पाठीवर हात फिरताना रडू आलं आणि बायको घाबरली. तिनं काही करायचं नव्हतं, हात तिथेच ठेवायचा होता.

जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांनी मांडलेलं एक साधं चित्र मी कागदावर काढून देते. लैंगिक इच्छेला गाडीसारखा अ‍ॅक्सिलरेटर असतो आणि ब्रेकही. नवनवे उपाय करणारी जोडपी अ‍ॅक्सिलरेटरच दाबत राहतात, झिरझिरीत कपडे, व्हिडिओ, पुड्या, आणि ब्रेकवरचा पाय कुणी पाहतच नाही. लाज, भीती, साचलेला राग, सासूच्या खोकल्याचा आवाज, सोमवारचा हप्ता, हे सगळे ब्रेक. आणखी एक: मन आधी व्हायला हवं आणि मगच जवळ यायचं, असा नियम नाही. पुष्कळांत जवळीक आधी येते आणि इच्छा मागून. रोझमेरी बॅसन यांनी २००० च्या सुमारास हे स्त्रियांबद्दल मांडलं, पण माझ्यासमोर बसणाऱ्या पन्नाशीच्या पुरुषांनाही ते ऐकून हायसं वाटतं.

सहावी पायरी : नाही म्हणणं आणि नाही ऐकणं

झोपल्याचं सोंग हा सर्वांत महाग नकार. तोंडानं म्हणा. नकारात तीन गोष्टी असू द्या: आज नको, कारण माझ्याकडचं, आणि त्याऐवजी काय. "आज नको गो, डोक्या जड झाला. पण हंय ये, जवळ पड." आणि 'उद्या सकाळी' म्हणालात तर उद्या सकाळी तुम्हीच आठवण ठेवा. मोडलेली एक 'उद्या' दहा नकारांहून जास्त लागते.

ऐकणाऱ्या बायकोला हिरमुसायचा पूर्ण हक्क आहे. तिची इच्छा ही काही हावरटपणा नाही, हे तिला आणि तिच्या नवऱ्याला दोघांनाही मोठ्यानं सांगावं लागतं. हिरमुसलेपण सांगता येतं: "माका वायट वाटला, पण तुमी सांगलास ता बरा केलास." सांगता येत नाही ते "पुरुष आसात ना?" हे वाक्य. ते एकदा बोललं गेलं की ते काढायला मला सहा महिने लागतात. मन मोकळं करायला तिनं एकच माणूस निवडावं, बहीण किंवा मैत्रीण, आणि नवऱ्याला सांगून. सगळ्या वाडीला कळलं तर त्याच्या धसक्यात लाजेची भर पडते.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि मूल नाही, की पाहुण्यांचे प्रश्न सुरू होतात. 'अमक्या तारखेला संबंध ठेवा' असं डॉक्टरांनी सांगितलेल्या जोडप्यांत तर ती तारीखच ब्रेक होऊन बसते. बाहेरच्यांना द्यायचं उत्तर दोघांनी आधीच ठरवा आणि ते त्यानं द्यावं, तिनं नाही. "आमचं आम्ही बघतोय, आई" हे मुलाच्या तोंडून आलं की सासू निदान महिनाभर गप्प बसते.

पुढे कधी जायचं

सहा-आठ आठवडे हे करून अबोला तसाच राहिला, तर लैंगिक समस्यांचं काम करणारा मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. 'मनाचा डॉक्टर' म्हटलं की आपल्या भागात लोकांच्या डोळ्यांसमोर रत्नागिरीचं मनोरुग्णालय येतं आणि पाय मागे सरतात. पण जिल्हा रुग्णालयांतही मानसिक आरोग्याची बाह्यरुग्ण सेवा असते, तिथे केसपेपर काढून रांगेत बसायचं, बस. घरातून बोलायचं असेल तर टेलि-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. नवऱ्याच्या तोंडी "मी नसलेलाच बरा" असं काही येऊ लागलं तर आठ आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा. घरात मारहाण असेल तर बायकोसाठी १८१. पहिल्या भेटीला दोघांनी जा, आणि वह्या न्या.

मालवणच्या त्या नवऱ्याची साखर वाढलेली निघाली होती आणि रोजची दारू तो सांगत होता त्याच्या दुप्पट होती. साखर आटोक्यात आली, दारू कमी झाली, बंद नाही. इच्छा थोडी परतली, महिन्यातून दोनदा-तीनदा, कधी नाहीच. नारळी पौर्णिमा होऊन बोटी पुन्हा पाण्यात गेल्यावर तिचा फोन आला. काय फरक पडला, मी विचारलं. ती जरा हसली. "आता नको म्हणतत ता पण माझ्याकडे तोंड करून म्हणतत."